सिम बदलायचं की फोन?

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच पालटला. आधी लोक 'कोणता फोन घ्यावा' असं विचारायचे. आता 'कंपनी बदलली आणि फोन मुका झाला' ही तक्रार. म्हणून या अंकात फक्त तीच पत्रं घेतली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दुकानदाराने फोन खराब असल्याचं सांगितलंय. त्यातले बहुतेक फोन ठणठणीत आहेत.

प्रश्न : नंबर बीएसएनएलमध्ये पोर्ट केला. बीडला गेलो की फोरजी येतं, गावात आलो की टूजी. नेट सोडाच, व्हॉट्सॲपचा साधा मेसेजसुद्धा जात नाही. त्याच घरात भावाच्या फोनला बीएसएनएलचंच फोरजी आहे. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला. बदलून घेऊ का? (पाटोदा तालुका, जि. बीड)

बोर्डाला हात लावू देऊ नका. बोर्ड गेला असता तर बीडलाही फोरजी आलं नसतं.

फोरजी हे नाव एकच असलं तरी प्रत्येक कंपनी ते वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालवते. फ्रिक्वेन्सीच्या एकेका पट्ट्याला बँड म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. फोन बनवताना ज्या बँडची सोय केलेली नाही, त्या बँडवरचा टॉवर फोनला दिसतच नाही, मग तो तुमच्या गोठ्यामागे का उभा असेना.

बीएसएनएलचं नवं फोरजी मुख्यतः दोन बँडवर आहे: बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, आणि बँड १, म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ. ७०० चा पल्ला लांब. ते भिंतीतून आत शिरतं, चढाआडच्या वस्तीलाही थोडंफार मिळतं. २१०० वर माणसं जास्त मावतात, पण ते लवकर विरतं. बीडमध्ये तुमचा फोन बँड १ धरतो. गावच्या टॉवरवर ७०० च चालू असेल, किंवा २१०० असूनही बालाघाटाच्या उतारावर तुमच्या घरापर्यंत पोचत नसेल. भावाच्या फोनात बँड २८ असणार, तुमच्यात नसणार. मग तुमचा फोन जुन्या टूजीवर उतरतो. त्यावर बोलणं होतं, नेट नावालाच.

फोनात बँड २८ का नाही, यालाही कारण आहे. ७०० मेगाहर्ट्झ २०१६ च्या लिलावात कुणीच घेतला नाही, २०२१ लाही नाही. २०२२ मध्ये जिओने तो फाइव्हजीसाठी घेतला, २०२३ मध्ये बीएसएनएलला सरकारने दिला. त्याआधी आपल्या देशासाठी बनलेल्या बऱ्याच स्वस्त फोनांत खर्च वाचवायला हा बँड गाळलेला असे. कुणाचं काही अडतही नव्हतं. बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीचं देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं आणि अडचण तेव्हापासून ठळकपणे दिसू लागली.

आता हे तपासायचं कसं. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि मॉडेल नंबर लिहून घ्या. खोक्यावरचं नाव नव्हे, मॉडेल नंबर. एकाच नावाचा फोन दोन-तीन वेगवेगळ्या मॉडेल नंबरांनी विकला जातो आणि त्यांचे बँड वेगळे असतात. तो नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवरच्या तपशिलात 'एलटीई बँड' (एलटीई म्हणजे फोरजीच) किंवा 'एफडीडी' अशी ओळ शोधा. तिथे बी २८ दिसला तर फोन पात्र आहे आणि दोष दुसरीकडे आहे.

प्रत्यक्ष कोणता बँड चालू आहे हे सॅमसंगमध्ये *#००११# डायल केल्यावर दिसतं. इतर बऱ्याच अँड्रॉइड फोनांत *#*#४६३६#*#* डायल करून 'फोन इन्फर्मेशन' उघडा. तिथे आरएसआरपी नावाचा उणे आकडा असतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर रेंज उत्तम, उणे ११० ला रडतरखडत, उणे १२० ला संपली. वरच्या कांड्यांपेक्षा हा आकडा खरा, कारण किती रेंजला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपापल्या मनाने ठरवतो.

फोनात बँड २८ असूनही टूजीच येत असेल तर आधी सिम बघा. जुन्या काळचं टूजी-थ्रीजी सिम असेल तर फोरजी येणारच नाही, ते कंपनीच्या केंद्रातून बदलून घ्यावं लागतं. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. पीक विम्याचा किंवा कर्जाचा हप्ता भरायच्या दिवशी हे काम काढू नका. दुसरं, 'प्रीफर्ड नेटवर्क टाइप' फोरजीवर आहे का पाहा. तिसरं, व्हीओएलटीईचं, म्हणजे फोरजीवरूनच कॉल जाण्याच्या सोयीचं बटण चालू करा.

आणि बँड २८ नसेलच तर? सेटिंग बदलून किंवा ॲप टाकून तो येत नाही. 'बँड अनलॉक करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. बीएसएनएलचं सिम बोलण्यापुरतं ठेवा, नेटसाठी दुसऱ्या खाचेत दुसरं सिम टाका. हा सर्वांत स्वस्त मार्ग.

इतरांना उपयोगी पडावं म्हणून बाकीच्यांचे फोरजी बँड इथेच देतो. जिओ: ३, ५ आणि ४०. एअरटेल: १, ३, ८ आणि ४०. व्हीआय: १, ३, ८ आणि ४१. यांतला प्रत्येक बँड प्रत्येक टॉवरवर असतो असं नाही. गावाकडे ५ किंवा ८ असलेला फोन महत्त्वाचा, कारण हे ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे लांब पल्ल्याचे बँड आहेत. ४० आणि ४१ चा खरा उपयोग शहरात, गर्दीच्या ठिकाणी.

प्रश्न : विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल ऑटो बसवलाय. मिस्ड कॉल दिला की मोटार चालू व्हायची. त्यातलं सिम बंद पडलं म्हणून घरातलं जिओचं जास्तीचं सिम टाकलं. आता रिंगच जात नाही, 'बंद आहे' सांगतं. ऑटो जळाला का? (पूर्णा तालुका, जि. परभणी)

जळाला नसावा. शेतातले बहुतेक जुने मोबाईल ऑटो टूजीवर चालतात. आतलं मॉड्यूल, म्हणजे सिम चालवणारा भाग, फक्त ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवरचं जीएसएम, म्हणजे टूजीच ओळखतं. जिओने २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच फोरजीवर. जिओकडे टूजी कधी नव्हतंच. त्यामुळे सिम चालू, रिचार्ज चालू, आणि ऑटोला मात्र एकही टॉवर दिसत नाही.

एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांपैकी ज्याचं टूजी तुमच्या विहिरीवर येतं त्याचं सिम टाका. घरी येतं का हे बघून उपयोग नाही. एखादा बटणाचा साधा फोन घेऊन विहिरीवर जा, ऑटोच्या पेटीजवळ उभं राहून प्रत्येक सिमवर दोन मिनिटं बोलून बघा. आवाज तुटला नाही तर ते सिम घ्या.

सिम टाकण्याआधी ते साध्या फोनात घालून चार गोष्टी उरका. सिमचा पिन लॉक काढा, कारण ऑटोला पिन टाकता येत नाही. कॉल फॉरवर्डिंग बंद करा. सिममधले जुने एसएमएस पुसा. मेमरी भरली की एसएमएसवर चालणारे ऑटो नवे हुकूम घेत नाहीत. कॉलर ट्यून असेल तर काढा, नाहीतर गाणं वाजतंय म्हणजे ऑटोने कॉल घेतला की नाही हे कळत नाही. मग सिम बसवा. ऑटोची खाच जुन्या मोठ्या आकाराची आणि सिम नॅनो असेल तर अडॅप्टर लागतो. तो सैल असला तर सिम आत सरकतं आणि खाचेच्या पट्ट्या वाकतात. अडॅप्टरला मागून पातळ चिकटपट्टी लावा.

आता मॉड्यूलचा बारका दिवा बघा. बऱ्याच टूजी ऑटोत तो साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर टॉवर शोधतोय आणि तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर टॉवर धरलाय. पाच मिनिटांनंतरही भराभर लुकलुकत असेल तर दोनच संशयित उरतात: अँटेना आणि वीजपुरवठा.

अँटेना लोखंडी पेटीच्या आत गुंडाळून ठेवलेली आम्ही फार वेळा पाहतो. बंद लोखंडी पेटीत रेंज शिरत नाही. वायर भोकातून बाहेर काढून अँटेना पेटीच्या डोक्यावर किंवा शेडच्या पत्र्यावर उभी बसवा. भोकाला रबरी वॉशर घाला, नाहीतर धार वायरीला कापते. स्क्रूचा जोड पावसाळ्यात गंजतो. तो वर्षातून एकदा काढून, पुसून परत घट्ट करा.

वीजपुरवठ्याचं असं की टूजी मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. आतला सप्लाय किंवा बॅटरी अशक्त असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, मॉड्यूल बंद होऊन परत सुरू होतं आणि पुन्हा तेच. लक्षण ओळखायला सोपं: एरवी दिवा नीट, कॉल दिला की एक रिंग जाते आणि मग 'बंद आहे'. अशा वेळी बॅटरी बदला. कंपनीने दिली त्याच व्होल्टेजची, दुसरी नाही. थ्री फेज कधी रात्री येते, कधी दिवसा. मधल्या तासांत ऑटो बॅटरीवरच जिवंत असतो आणि दोन-तीन वर्षांत ती थकतेच.

नवा ऑटो घेणार असाल तर फोरजीचा घ्या, पण दोन प्रश्न विचारून. त्यात व्हीओएलटीई आहे का? नसेल तर जिओवर ॲप चालेल, पण कॉल लागणार नाही. दुसरा, बँड कोणते? अशा मॉड्यूलांत १, ३, ५, ८, ४० बहुधा असतात, २८ पुष्कळदा नसतो. म्हणजे गावात बीएसएनएलचं फोरजी ७०० वरच असेल तर या ऑटोला ते मिळणार नाही. काही कंपन्या १३ आकडी नंबरचं आपलं सिम घालूनच देतात. तिथे वर्षाचे पैसे किती आणि ते कुणाकडे भरायचे हे पावतीवर लिहून घ्या.

प्रश्न : आमचं गाव सीमेवर. फोन कधी महाराष्ट्राचा, कधी तेलंगणाचा टॉवर धरतो. तेलंगणाचा धरला की नेट बंद. पैसे जास्त कटतात का? (देगलूर तालुका, जि. नांदेड)

हीच तक्रार धर्माबाद, उदगीर, उमरगा इथूनही आली आहे. फक्त पलीकडचं राज्य कुठे तेलंगणा, कुठे कर्नाटक. मोबाईल सेवेसाठी देशाचे विभाग केलेत, त्यांना सर्कल म्हणतात. मराठवाडा 'महाराष्ट्र आणि गोवा' या सर्कलमध्ये येतो. मुंबईचं सर्कल वेगळं. सीमेपलीकडचा टॉवर तुमच्याच कंपनीचा असला तरी फोनच्या हिशेबात ते रोमिंग. बहुतेक फोनांत 'डेटा रोमिंग' मुळात बंद असतं, म्हणून बोलणं होतं पण नेट थांबतं. ते चालू करा. अनलिमिटेड पॅकमध्ये देशातल्या रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. जुना सेकंदावर कटणारा प्लॅन असेल तर मात्र त्याच्या अटी वाचा.

काही जण यावर उपाय म्हणून नेटवर्क 'मॅन्युअल' करून महाराष्ट्राचं निवडतात. घरी बसून असाल तर ठीक. पण तसंच ठेवून पलीकडे बाजाराला किंवा दवाखान्यात गेलात तर फोन दुसरा टॉवर घेणारच नाही, 'नो सर्व्हिस' दाखवत बसेल. गाव सोडताना 'ऑटोमॅटिक' करायची सवय नसेल तर मॅन्युअलच्या नादी लागू नका.

प्रश्न : पुतण्याने अमेरिकेतून दोन फोन आणले, एक आयफोन आणि एक सॅमसंग. आयफोनला सिमची जागाच नाही. सॅमसंगमध्ये जिओचं नेट चालतं पण फोन लागत नाही, एअरटेलवर लागतो. (छत्रपती संभाजीनगर)

आयफोनचं आधी. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमचा ट्रे नसतो. ते फक्त ई-सिमवर, म्हणजे फोनात आधीच बसवलेल्या सिमवर चालतात. आपल्याकडे जिओ, एअरटेल आणि व्हीआय ई-सिम देतात. पण त्याआधी सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन खाली 'कॅरिअर लॉक' वाचा. 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर फोन मोकळा. दुसरं काही लिहिलं असेल तर तो तिथल्या कंपनीशी बांधलेला आहे आणि आपल्याकडचं कोणतंही सिम घेणार नाही. हप्त्यावर घेतलेले बरेच फोन असेच असतात. कुलूप फक्त ती कंपनी उघडते, तेही बहुधा पैसे पूर्ण फिटल्यावर. पुतण्याने तिथून अर्ज करावा. इथल्या बाजारात 'सॉफ्टवेअर मारून' देणारे भेटतात. त्यात बऱ्याचदा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक बदललेला असतो आणि तो कायद्याने गुन्हा आहे.

सॅमसंगची गोष्ट वेगळी. नेट चालतं, म्हणजे लॉक नाही आणि बँडही जुळतात. अडलंय ते व्हीओएलटीई. फोरजीवर आवाज जायचा तर फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची मांडणी आधीच भरलेली असावी लागते. अमेरिकेसाठी बनलेल्या फोनात तिथल्या कंपन्यांची असते, आपल्याकडची असेलच असं नाही. एअरटेलवर फोन लागतो कारण व्हीओएलटीई जमलं नाही तर तो मुकाट टूजीवर उतरतो. जिओला उतरायला खालची पायरीच नाही.

सगळे अपडेट करून घ्या, सिम काढून घाला, फोन बंद-चालू करा, मग सेटिंग्जमध्ये व्हीओएलटीईचं बटण उगवतं का पाहा. नाही उगवलं तर त्या फोनात बोलण्यासाठी एअरटेलच ठेवा. दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर चढवण्याचा घरगुती प्रयोग करू नका. वॉरंटी जाते, आणि चुकलं तर आयएमईआयच गायब होतो.

दुबई-सौदीहून सॅमसंग आणणाऱ्यांना एक सूचना. काही मॉडेलांना प्रदेशाचं कुलूप असतं. ज्या भागात घेतला तिथलं सिम घालून एकूण पाच मिनिटं बोललं की ते उघडतं. खोक्यावर तसं लेबल असतं. विमानात बसण्याआधीच हे उरकायला सांगा. इथे आल्यावर तिथलं सिम आणायचं कुठून?

प्रश्न : फाइव्हजी फोन घेतला. रूममेटच्या फोनवर एअरटेलचं फाइव्हजी येतं, माझ्यावर फोरजीच. जिओ टाकलं की माझ्याही फोनवर फाइव्हजी येतं. (लातूर)

जिओचं फाइव्हजी 'एसए' पद्धतीचं, म्हणजे पूर्णपणे स्वतंत्र जाळं. एअरटेलचं मुख्यतः 'एनएसए' म्हणजे फोरजीच्या टेकूवर उभं. तिथे फोनला फोरजीचा एक बँड आणि फाइव्हजीचा एक बँड एकाच वेळी धरावा लागतो. काही स्वस्त चिपमध्ये ही सोयच ठेवलेली नाही. २०२४ च्या अखेरीस आलेला रेडमी ए४ ५जी हे त्याचं सरळ उदाहरण: तो फक्त एसएवर चालतो आणि एअरटेलचं एनएसए फाइव्हजी त्यावर येत नाही, असं कंपनीनेच सांगितलेलं आहे. तुमच्या फोनच्या तपशिलात 'एसए/एनएसए' असं दोन्ही लिहिलंय का पाहा. फक्त एसए असेल तर पुढे काही करता येणार नाही.

दोन्ही असेल तर प्लॅन तपासा. जुलै २०२४ नंतर जिओ आणि एअरटेल दोघांनीही अनलिमिटेड फाइव्हजी रोज २ जीबी किंवा त्यावरच्या पॅकपुरतं ठेवलंय. दीड जीबीचा पॅक असेल तर ती अपेक्षा सोडा.

फोन अजून घ्यायचा आहे, त्यांनी एन ७८ आणि एन २८ हे फाइव्हजीचे दोन्ही बँड असलेलाच घ्यावा. एन ७८ म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झ, वेगाचा पण पल्ल्याला तोकडा. जिओचं ७०० वरचं फाइव्हजी एन २८ वर येतं. फोनात तो नसेल तर गच्चीवर फाइव्हजी आणि खोलीत फोरजी.

प्रश्न : आईला जिओचा बटणाचा फोन ९९९ ला घेतला. त्यात एअरटेल चालेल का? (कळमनुरी, जि. हिंगोली)

नाही. जिओभारत आणि जुना जिओफोन फक्त जिओच्या सिमवर चालतात. हे कुलूप काढून मिळत नाही. उलट, साधा टूजी डबा फोन एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल तिन्हींवर चालतो, जिओवर नाही. आईच्या घरी ज्या कंपनीची रेंज चांगली, त्यावरून फोन ठरवा.

प्रश्न : जुन्या दोन सिमच्या फोनात जिओ एकाच खाचेत चालतं. दुसरी खाच खराब झाली का? (अंबड, जि. जालना)

खाच चांगली आहे. २०१६-१७ च्या बऱ्याच फोनांत एक खाच फोरजीची आणि दुसरी फक्त टूजीची असायची. जिओ पहिल्यात, दुसरं सिम दुसऱ्यात. पहिल्या खाचेचा मान जिओला द्यावाच लागेल.

प्रश्न : पोर्ट करायचंय, पण आमच्या पाड्यावर कोणत्या कंपनीचं चालेल हे आधी कसं कळणार? पोर्टची रीतही सांगा. (किनवट तालुका, जि. नांदेड)

दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर टूजी, फोरजी, फाइव्हजी कुठवर पोचतं याचा नकाशा ठेवावा लागतो. त्यात गावाचं नाव टाकून पाहा. पण किनवट-माहूरच्या जंगलात आणि चढउतारात नकाशावरच्या रंगावर विसंबू नका. ज्या कंपनीत जायचं तिचं सिम शेजाऱ्याकडून अर्ध्या तासासाठी मागा आणि तुमच्या फोनात घाला. शेजाऱ्याच्या फोनवर किती कांड्या दिसतात याला किंमत नाही. घरात, अंगणात, वावरात अशा तीन जागी प्रत्येकी दोन मिनिटं बोला. कॉल चालू असताना वर फोरजीचं चिन्ह टिकतं की टूजीचं 'ई' होतं हे बघा. 'ई' झालं तर या फोनवर त्या कंपनीचं व्हीओएलटीई चालत नाही. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात एकदा नेटही चालवून पाहा, कारण दुपारी पळणारा टॉवर त्या वेळी गर्दीने गुदमरतो.

घराला पत्रे असतील आणि आत रेंज पडत असेल, पण वायफाय असेल, तर फोनमधलं 'वायफाय कॉलिंग' चालू करा. तेवढ्यासाठी कंपनी बदलायची गरज उरत नाही. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र बसवू नका. तो परवान्याशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे आणि त्याने आजूबाजूच्यांची रेंजही बिघडते.

पोर्टची रीत अशी. सध्याच्या सिमवरून १९०० या नंबरला एसएमएस पाठवा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पोर्ट', एक जागा सोडून तुमचा १० आकडी नंबर. ८ अक्षरांचा कोड येतो. महाराष्ट्रात तो ४ दिवस चालतो. त्या मुदतीत आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. त्याच सर्कलमध्ये ३ कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून येत असाल तर ५. जुनं सिम बंद पडलं की नवं घाला. मधे काही तास फोन बंद राहतो. जुन्या सिममधला बॅलन्स आणि उरलेला पॅक जातो, म्हणून मुदत संपत आल्यावरच पोर्ट करा.

कोड नाकारला जाण्याची नेहमीची कारणं दोन. सध्याच्या कंपनीत येऊन ९० दिवस झालेले नाहीत, किंवा सिम हरवल्याने अथवा खराब झाल्याने बदलून ७ दिवस व्हायचे आहेत. दुसरा नियम १ जुलै २०२४ पासूनचा आहे आणि अनेकांना ठाऊक नाही. ९० दिवसांच्या नियमामुळेच आधी शेजाऱ्याचं सिम घालून बघायचं, कारण चुकलं तर तीन महिने परत फिरता येत नाही.

प्रश्न : आठवडी बाजारात जुना फोन घेतला. कोणतंही सिम टाकलं तरी 'फक्त इमर्जन्सी कॉल' दाखवतो. (गंगाखेड, जि. परभणी)

*#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय दिसेल. दिसलाच नाही, किंवा नुसती शून्यं आली, तर बोर्डात छेडछाड झाली आहे. दिसला तर १४४२२ वर एसएमएस करा: इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, जागा सोडून तो नंबर. सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवरही हीच तपासणी होते. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड' आलं तर तो चोरीचा किंवा हरवल्याची तक्रार झालेला फोन आहे, आणि म्हणून देशातल्या सगळ्याच कंपन्यांनी तो अडवलेला आहे. दुरुस्तीवाल्याकडे नेऊ नका. विकणाऱ्याला गाठून पैसे परत मागा, तो हाती लागत नसेल तर फोन पोलीस ठाण्यात जमा करा. पुढच्या वेळी हा एसएमएस पैसे मोजण्याआधी, विकणाऱ्याच्या समोर उभं राहूनच करायचा.